उलटं चालणारं भुताचं घड्याळ दरवर्षी सव्वालाच का अडतं?

हॅलोविनसाठी घरी केलेलं घड्याळ जेवणाच्या टेबलावर झकास चालतं आणि पोर्चमध्ये उभं केलं की तासाभरात थांबतं. सेल बदलला तरी थांबतं, मशीन बदललं तरी थांबतं. तुमचं असं होत असेल तर सेलला हात लावण्याआधी एकच बघा : मिनिटकाटा कुठे थांबलाय? किती वाजले ते नाही, काटा कोणत्या दिशेला आहे ते. एवढं कळायला मला तीन ऑक्टोबर लागले, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर न्यू जर्सीत आहे. ३१ ऑक्टोबरला इथे सूर्य सहाच्या थोडं आधी मावळतो. (इथे उन्हाळ्यापुरती घड्याळं एक तास पुढे ठेवतात; ती मागे घ्यायचा दिवस २००७ पासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी असतो, म्हणून. त्याआधी तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असायचा आणि हॅलोविनला पाचच्या आतच सूर्य मावळायचा.) सहापासून साडेआठपर्यंत गल्लीतली पोरं दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागत फिरतात. देखाव्याला मिळतात ते एवढे अडीच तास.

आमचा देखावा म्हणजे पोर्चच्या भिंतीशी उभं केलेलं पाच फुटी जुनाट घड्याळ. लांबून लाकडी दिसतं. खरं तर फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणि फोम बोर्ड, त्यावर तपकिरी रंग आणि कोरड्या ब्रशनं ओढलेल्या काळ्या रेघा. तबकडी साठ सेंटिमीटर व्यासाची. तिच्यावर बाराऐवजी तेरा आकडे. काटे हाडांच्या बोटांसारखे. आणि तिन्ही काटे उलटे फिरतात.

उलटे का, ते सांगते, कारण पुढचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत घरात कुणी गेलं की घड्याळ त्या वेळेवर थांबवायची आणि आरसे झाकायची रीत होती. थांबलेलं घड्याळ इकडे त्या शोकाची खूण आहे. माझं घड्याळ बंद पडल्यावर एका मैत्रिणीनं सुचवलंही, की राहू दे बंदच, शोभतंय. पण बंद घड्याळ बघून माणूस गप्प होतो, दचकत नाही. पायऱ्या चढून आलेलं पोर चॉकलेटच्या परातीकडे हात करतं, सहज वर बघतं, सेकंदकाटा हलताना दिसतो आणि काहीतरी चुकतंय, पण काय ते पटकन कळत नाही. हात परातीवर तसाच राहतो. तो एक क्षण मला हवा असतो. त्यासाठी घड्याळ चालायलाच हवं.

पहिल्या वर्षी घड्याळ संध्याकाळी सातच्या सुमारास थांबलं. मला वाटलं सेल गेला. नवा घातला, पाऊण तासानं पुन्हा थांबलं. दुसऱ्या वर्षी मशीन खराब असणार असं समजून नवं मशीन आणलं. तेही थांबलं. तिसऱ्या वर्षी कुणीतरी सांगितलं म्हणून चाकांना तेल दिलं, आणि ते मात्र स्पष्ट सांगते, करू नका. या मशीनची चाकं प्लॅस्टिकची असतात आणि ती कोरडीच चालावीत अशी केलेली असतात. तेल पसरतं, धूळ धरतं, आणि काही तेलांनी प्लॅस्टिक फुगतं. ते मशीन मी टाकून दिलं.

प्रत्येक दुरुस्तीनंतर मी घड्याळ तपासलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते चाललं होतं. म्हणूनच इतका गोंधळ झाला. तबकडीचा भाग खोक्यातून सुटा निघतो. मी तो टेबलावर आडवा ठेवून सेल घालायची, दहा-पंधरा मिनिटं बघायची, काटे फिरतायत म्हटल्यावर समाधानानं उचलून बाहेर न्यायची.

उत्तर सापडलं ते फोटोंत. तिसऱ्या वर्षीच्या दिवाळीत फोनमधले फोटो चाळत होते. तिन्ही हॅलोविनांचे पोरांचे फोटो त्या घड्याळासमोर काढलेले. पहिल्या वर्षीच्या फोटोत मिनिटकाटा उजवीकडे आडवा. दुसऱ्या वर्षीही उजवीकडे आडवा. तिसऱ्या वर्षी जरा खाली, वीस-बावीस मिनिटांपाशी. तासकाटा दरवेळी वेगळीकडे, पण मिनिटकाटा तिथेच. हा नुसता योगायोग असता तर काटा कुठेही थांबला असता.

आता घरातलं साधं भिंतीवरचं घड्याळ आठवा. सेल संपत आला की सेकंदकाटा कुठे थरथरत उभा राहतो? नऊच्या आकड्यापाशी. सगळ्यांनी पाहिलेलं असतं. सहावरून निघालेला काटा डाव्या बाजूनं वर चढत असतो. आडवा होतो तेव्हा त्याचं वजन कण्यापासून (काटे बसतात त्या मधल्या दांडीपासून) सगळ्यात लांब गेलेलं असतं, म्हणून तिथे त्याला उचलायला सगळ्यात जास्त जोर लागतो. तो जोर उरला नाही की काटा तिथेच अडतो. बाराकडून सहाकडे येताना ही अडचण नसते. तेव्हा वजन उलट मदतच करतं.

उलट्या घड्याळात चढण उजवीकडे असते. सहाकडून काटा पाच, चार, तीन असा वर जातो. म्हणून सरळ चालणारं घड्याळ पावणेला अडतं आणि उलटं चालणारं सव्वाला. सेल नवा असेल तर काटा जवळजवळ आडवा होईपर्यंत चढतो. सेल अर्धा वापरलेला असेल किंवा काटा फारच जड असेल तर आधीच, वीस-पंचवीस मिनिटांपाशी दम सोडतो. माझ्या तिसऱ्या वर्षीच्या फोटोत काटा खाली होता, कारण त्या वर्षी सेल रिमोटमधून काढून घातलेला होता.

आणि मिनिटकाटा साडेला, म्हणजे थेट खाली सहावर लोंबत असेल, पण सेकंदकाटा मात्र मजेत टिकटिकत असेल, तर दुखणं वेगळं. मशीन चालू आहे; मिनिटकाटा कण्यावर घसरतोय. एक तर काट्याचं भोक सैल झालंय, नाहीतर आतली घसरती जोडणी हरली आहे. आपण मागची चकती फिरवून वेळ लावू शकतो ती याच जोडणीमुळे : ठरावीक जोरापर्यंत ती काट्याला धरून ठेवते, त्यापुढे सोडून देते. फार जड काटा ती धरू शकत नाही.

सव्वा, साडे, पावणे. निम्मं निदान या तीन शब्दांत होतं. उरलेलं निम्मं होतं तबकडी फिरवून.

घड्याळ जिथे अडलंय तिथेच राहू द्या. सेल काढू नका, काट्याला बोट लावू नका. अख्खी तबकडी मशीनसकट पाव वळसा फिरवा, म्हणजे तीनचा आकडा खाली येईल, आणि तासभर तशीच टांगा. घड्याळ पुन्हा चालू झालं आणि काटा नव्या जागी, म्हणजे आता जमिनीशी आडवा होताना अडला, तर दोष वजनाचा आहे. जमीन बदलत नाही, वजन तिलाच ओळखतं. काटा त्याच आकड्यापाशी अडून राहिला तर दोष तबकडीत किंवा चाकांत आहे : रंगाचा गोळा, वर आलेला आकडा, चाकाच्या दातात अडकलेला कण. तिसरी परीक्षा म्हणजे तबकडी टेबलावर आडवी ठेवणं. आडवी असताना तासन् तास चालते आणि उभी केल्यावर अडते, तर शंकाच नको, वजन. माझ्या टेबलावरच्या चाचण्यांत घड्याळ का पास होत होतं ते इथे उलगडलं. आडव्या तबकडीवर चढणच नसते.

उभी करूनही दहा मिनिटं बघणं पुरेसं नाही. काटा बाराच्या जवळ लावून तुम्ही चाचणी सुरू केलीत, तर उलट्या घड्याळात तो आधी अर्धा तास डावीकडून खाली उतरत असतो. खरी परीक्षा त्याच्यानंतर सुरू होते. म्हणून चाचणी घेताना मिनिटकाटा पंचवीस मिनिटांवर लावायचा आणि तिथून तो पाच मिनिटांवर येईपर्यंत बघायचं. वीस मिनिटांत निकाल लागतो.

तेरा आकड्यांची तबकडी असेल तर एक लक्षात ठेवा. आतली चाकं बारा तासांचीच असतात, त्यामुळे तेरा आकडे फक्त दिसायला. तीनचा आकडा बरोबर उजवीकडे येत नाही. आकड्यावरून ठरवू नका, काटा जमिनीशी आडवा आहे का ते बघा. मुद्दाम तिरकं टांगलेलं घड्याळ असलं तरी हेच.

आता काट्याचं वजन. मशीनच्या पाकिटात येणारा ॲल्युमिनियमचा मिनिटकाटा हातभर दिसत असला तरी दोनेक ग्रॅमचा असतो, आणि त्याचा तोल कण्यापासून साधारण चार सेंटिमीटरवर येतो. वजन गुणिले अंतर म्हणजे मशीनवरचा भार : दोन गुणिले चार, आठ. माझा काटा तीन मिलीमीटरच्या प्लायवूडचा, त्यावर हवेत वाळणाऱ्या मातीची हाडं. तो मी पहिल्यांदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला तेव्हा एक्केचाळीस ग्रॅम भरला. सुरीच्या पाठीवर आडवा तोलून पाहिला, तर तोल भोकापासून तेरा सेंटिमीटरवर. एक्केचाळीस गुणिले तेरा, पाचशे तेहतीस. ज्या मशीनला आठाची सवय, त्याला मी पाचशे तेहतीस उचलायला लावत होते. ते अर्ध्या वाटेपर्यंत तरी चढत होतं, याचंच मला नवल वाटलं.

लांबीचा हिशेब फसवा असतो, म्हणून तोही मांडते. काटा तितकाच रुंद ठेवून लांबी दुप्पट केली तर वजन दुप्पट होतं आणि ते लांबही दुप्पट जातं, म्हणजे भार चौपट. लांबीबरोबर रुंदीही दुप्पट केली, म्हणजे चित्र मोठं करतो तसा काटा मोठा केला, तर भार आठपट. तबकडी थोडी मोठी केली आणि घड्याळ एकाएकी अडायला लागलं, अशी तक्रार बहुतेक वेळा यातून येते.

जास्त जोराची मशीनही मिळतात, खास लांब काट्यांसाठी. ती घेण्यात गैर काही नाही. पण एक्केचाळीस ग्रॅमचा असमतोल काटा तिथेही चाकांवर आणि कण्यावर ताण आणतो. आधी काटा सुधारा. तो सुधारल्यावर मला साधं स्वस्त मशीनच पुरलं.

काटा कशाचा करायचा याचं उत्तर घरातच टांगलेलं होतं. हॅलोविन आणि दिवाळी आमच्याकडे एकमेकींच्या पाठोपाठ येतात; कधी भोपळा आणि आकाशकंदील एकाच पोर्चमध्ये असतात. आकाशकंदील एवढा मोठा असून फुंकरीनं हलतो, कारण तो आहे नुसत्या कामट्या आणि कागद. मग काटाही तसाच केला. कबाबच्या बांबूच्या काड्या इथे कुठेही मिळतात. तीस सेंटिमीटरची एक काडी दीडेक ग्रॅमची. दोन काड्या टोकाला जुळवून, मुळाशी तीन सेंटिमीटर फाकवून बांधल्या, वर काळा पातळ कागद खळीनं ताणून चिकटवला. हाडांचे पेर मातीनं न करता पांढऱ्या रंगानं काढले, सांध्याच्या कडेला राखाडी सावली दिली. सहा फुटांवरून, नारिंगी दिव्याच्या उजेडात, ती बोटं मातीच्या बोटांपेक्षा जास्त हाडकुळी दिसतात. हॉट ग्लू शक्यतो वापरू नका, वापरलात तर थेंब-थेंब. एक जाड ओळ ओढली की दोन ग्रॅम वाढतात.

काट्याला भोकाच्या पलीकडे सात सेंटिमीटर शेपूट ठेवलं. सगळ्याचं वजन भरलं सहा ग्रॅम, तोल भोकापासून दहा सेंटिमीटरवर. म्हणजे साठ. आता शेपटीकडून साठ आणायचे. कण्यापासून सहा सेंटिमीटरवर दहा ग्रॅम ठेवले की साठ होतात, आणि अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं बरोबर पाच ग्रॅमचं असतं. दोन नाणी शेपटीच्या मागच्या बाजूला चिकटवली, पुढून कवटीचा छोटा कागदी आकार लावून झाकली. भारतात असाल तर छोटे नट किंवा वायसर वजन करून लावा. दहा ग्रॅमचं जे काही मिळेल ते चालेल.

गणित झाल्यावर परीक्षा घ्या. भिंतीत एक बारीक खिळा ठोका, काट्याचं भोक त्यावर सैलसर अडकवा आणि काटा हलकेच फिरवा. दरवेळी तेच टोक खाली येत असेल तर ती बाजू अजून जड आहे. दरवेळी वेगवेगळ्या जागी थांबला तर तोल साधला. माझा पहिल्यांदा शेपटीकडून जड निघाला. नाणी अर्धा सेंटिमीटर आत सरकवल्यावर जमला. रंग पूर्ण वाळल्यावरच ही परीक्षा घ्या, कारण ओल्या रंगाचंही वजन असतं.

काटा कण्यावर बसवताना लोक भोक स्वतः पाडतात आणि तिथेच फसतात. मिनिटकाट्याचा कणा गोल नसतो, दोन बाजूंनी चपटा असतो. त्या मापाचं भोक कामटीत पाडता येत नाही. पाकिटातला ॲल्युमिनियमचा काटा घ्या, मधला दोन-अडीच सेंटिमीटरचा भाग ठेवून बाकी कात्रीनं कापा, आणि आपला काटा त्यावर चिकटवा. कण्याला घट्ट पकड मिळते आणि साडेला लोंबण्याचा आजार निम्मा तिथेच संपतो. वरचा बारीक नट बोटांनी फिरेल एवढाच घट्ट करायचा. पक्कड लावून आवळला की मिनिटकाटा दाबला जाऊन तासकाट्यावर घासतो.

काट्यांच्या घासण्याची खूण वेगळी असते. मिनिटकाटा आणि तासकाटा बारा तासांत अकरा वेळा एकावर एक येतात, म्हणजे दर साडेपासष्ट मिनिटांनी. घड्याळ बरोबर ते दोघे एकत्र आले असताना थांबत असेल तर वजन वगैरे शोधू नका. दोघांमध्ये फट नाही. तासकाटा किंचित मागे वाकवा. माझ्या पोर्चमध्ये हे एकदा दमटपणानं झालं. ऑक्टोबरच्या शेवटी संध्याकाळी दव पडतं, कागद ओल धरतो आणि ताणलेला काटा धनुष्यासारखा वाकतो. आत चालतं, बाहेर अडतं, याचं हे दुसरं कारण. कागदाला दोन्ही बाजूंनी पातळ वार्निश दिलं की वाकणं थांबतं. एकाच बाजूला दिलं तर जास्त वाकतं. वार्निशनंतर तोल पुन्हा बघा.

तबकडीची जाडीही पाहून घ्या. कण्याच्या आट्यांचा भाग तबकडीच्या जाडीपेक्षा तीनेक मिलीमीटर तरी जास्त हवा. कमी असेल तर नट धड बसत नाही, मशीन तिरकं राहतं आणि काटे एका बाजूला तबकडीला टेकतात.

आता उलटं फिरवण्याबद्दल, कारण काही बिघाड तिथून येतात. तयार उलटी मशीन विकत मिळतात आणि घाई असेल तर तीच घ्या. मी घरी करते.

क्वार्ट्झ घड्याळात स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या दोनाने पंधरा वेळा निम्मी केली की एक उरतो. चिप तेच करते आणि दर सेकंदाला तारेच्या गुंडाळीत विजेचा एक बारीक झटका सोडते, एकदा या दिशेनं, एकदा त्या. झटक्यासरशी छोटं गोल चुंबक अर्धा वळसा फिरतं. मारियुस लावे या फ्रेंच अभियंत्यानं १९३६ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना आजही घराघरातल्या भिंतीवर चालते आहे. चुंबकाचे तीस वळसे म्हणजे सेकंदकाट्याचा एक, आणि सेकंदकाट्याचे साठ म्हणजे मिनिटकाट्याचा एक.

झटके आलटून-पालटून येतातच, म्हणून गुंडाळीच्या तारा उलट्या जोडून दिशा बदलत नाही. हे खूप जण करून बघतात आणि घड्याळ सरळच चालतं म्हणून चक्रावतात. दिशा ठरते चुंबकाभोवतीच्या लोखंडी पट्टीवरून. पट्टीच्या गोल भोकाला दोन बाजूंनी बारीक खाच असते. त्यामुळे झटक्यांच्या मधल्या वेळात चुंबक किंचित तिरकं उभं राहतं, आणि त्या तिरकेपणामुळे पुढचा अर्धा वळसा कुठल्या बाजूनं घ्यायचा ते पक्कं होतं. ती पट्टी पालथी घातली की तिरकेपणा आरशातल्यासारखा उलटतो आणि घड्याळ मागे चालू लागतं.

मागचं झाकण उघडायच्या आधी आणि उघडल्यावर प्रत्येक टप्प्याला फोटो काढा, चाकं कुठली कुठे होती ते आठवत नाही. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर चुंबकाजवळ नेऊ नका. लाकडी काडी किंवा प्लॅस्टिकचा चिमटा वापरा. चुंबकाला लोखंडाचा एखादा कण चिकटला तर चिकटपट्टीनं उचलून घ्या. काही मशीनमध्ये पट्टीची भोकं पालथी घातल्यावर खुंट्यांवर बसत नाहीत. जबरदस्ती न करता दुसऱ्या बनावटीचं मशीन बघा.

पालथं घातल्यावर सेकंदकाटा कुठल्याही जागी नुसता जागच्या जागी थरथरत असेल, वर चढताना, खाली येताना, तबकडी आडवी ठेवल्यावरही, तर पट्टी पूर्ण खाली बसलेली नाही किंवा चुंबकाचं टोक त्याच्या खळगीत नाही. पुन्हा उघडा आणि बसवा. काट्यांचा इथे दोष नाही. म्हणूनच मी आधी काटे न लावता, फक्त सेकंदकाटा लावून मशीन रात्रभर भिंतीवर उभं चालवते, आणि सकाळी ठीक असेल तरच पुढचं काम करते.

सेलबद्दल थोडं. नवा अल्कलाइन सेल मीटरवर दीड व्होल्टच्या जरा वर दाखवतो. १.३ च्या खाली असेल तर लांब काट्यांसाठी तो घेऊ नका, रिमोटला द्या. पुन्हा चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात. त्यांच्यावर साधं घड्याळ चालतं, पण चढणीला जोर कमी पडतो. थंडीनं अल्कलाइन सेलची ताकद घटते हे खरं, तरी आमच्या ऑक्टोबरच्या पाच-दहा अंश थंडीत नवा सेल सहज तग धरतो. अर्धा संपलेला सेल आणि थंडी एकत्र आली की मात्र अडतं. जिथे हॅलोविनलाच बर्फ पडतं तिथे राहत असाल तर एकदाच वापरायचे लिथियमचे सेल घ्या.

काटे गरागरा फिरवायचे असतील, मिनिटात दहा-बारा वळसे, तर क्वार्ट्झ मशीनचा नाद सोडा. पुण्यात आमच्या मंडळाच्या हलत्या देखाव्यात राक्षसाचा हात हलवायला दादा आणि त्याचे मित्र जुन्या बाजारातून गाडीच्या वायपरची मोटर आणायचे. इथले हॅलोविनचे देखावे करणारेही तीच मोटर वापरतात, आणि त्याच कारणानं : आतल्या मळसूत्री चाकामुळे ती सावकाश फिरते आणि भरपूर भार ओढते. बारा व्होल्टऐवजी पाच-सहा व्होल्ट दिले की आणखी सावकाश. पण ही मोटर अडली की जोरात वीज ओढते आणि तापते, तेव्हा फ्यूज लावल्याशिवाय पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवू नका. पोरांची बोटं पोचतील तिथे तर नकोच. सेकंदासेकंदानं मागे जाणारा काटा मला त्याहून जास्त आवडतो, म्हणून मी तिकडे वळले नाही.

गेल्या ऑक्टोबरात कामट्यांचे काटे लावलेलं घड्याळ मी २९ तारखेलाच पोर्चमध्ये उभं केलं, तबकडी उभी, मिनिटकाटा पंचवीसवर. वीस मिनिटं समोर खुर्ची टाकून बसले. पंधरावरून गेला, दहावरून गेला. मग आत येऊन स्वयंपाकाला लागले. ३१ च्या रात्री साडेआठला शेवटचं पोर गेलं तेव्हा ते चालू होतं, आणि १ नोव्हेंबरच्या सकाळी दार उघडलं तेव्हाही.

आवरताना दोन कामं विसरू नका. सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल वर्षभर आत राहिला की गळू शकतो आणि पत्र्याच्या पट्ट्या हिरव्या-पांढऱ्या होऊन गंजतात. आणि काटे कण्यावरून काढून दोन पुठ्ठ्यांमध्ये आडवे ठेवा, वर काही जड न ठेवता. पुढच्या वर्षी लावण्याआधी खिळ्यावर पुन्हा एकदा फिरवून बघा, कारण वर्षभरात कागद ओल धरतो किंवा सोडतो आणि तोलात थोडा फरक पडलेला असतो.